चीवर, गोधडी आणि कागदाचे तुकडे

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात नोव्हेना, सिंगापूर येथे दिलेल्या व्याख्यानाचे लेखरूप. त्या वेळी पडद्यावर दाखविलेली चित्रे येथे छापता आलेली नाहीत. म्हणून वर्णनाचा भाग थोडा वाढविला आहे.)





या व्यासपीठावरून आजवर मी आपल्याशी मधुमेहावर बोललो, रक्तदाबावर बोललो, वृद्धांच्या गुडघेदुखीवरही बोललो. आज मात्र मी चित्रकलेवर बोलणार आहे, हे ऐकून काही मंडळींच्या चेहऱ्यावर स्मित उमटलेले मला दिसते आहे. डॉक्टरांनी आपला प्रांत सोडून दुसऱ्याच्या प्रांतात शिरू नये, हे मलाही मान्य आहे. परंतु माझ्याकडे एका बालिकेचे ऋण आहे आणि ते फेडल्यावाचून मला चैन पडणार नाही. ते ऋण कोणते, हे प्रथम सांगतो.

दोन वर्षांपूर्वी भीमजयंतीनिमित्त आपण मुलांची चित्रकला स्पर्धा घेतली होती. विषय होता ‘बाबासाहेबांच्या जीवनातील एक प्रसंग’. तीन परीक्षकांपैकी मी एक होतो. अपेक्षेप्रमाणे संविधान हाती घेतलेले बाबासाहेब आले, निळ्या कोटातील बाबासाहेब आले, दिव्याखाली अभ्यास करणारा भीमराव आला. त्या गठ्ठ्यात एक कागद मात्र निराळाच निघाला. त्यावर एकही रेषा काढलेली नव्हती. जुन्या पाकिटांचे, दिनदर्शिकेचे, विजेच्या बिलाचे तुकडे हाताने फाडून एकमेकांवर चिकटविलेले होते. बहुतेक तुकडे तपकिरी आणि राखाडी. उजवीकडे वरच्या बाजूस निळ्या कागदाची एक चौकट. फाटलेल्या कडांचा पांढरा धागा सर्वत्र दिसत होता. माणूस एकही नाही. आम्ही तिघांनी तो कागद ‘विषयास सोडून’ असा शेरा मारून बाजूला ठेवला. या निर्णयाला दोन मिनिटेही लागली नाहीत.

बक्षीस समारंभ आटोपल्यावर ती अकरा वर्षांची मुलगी माझ्यापाशी आली आणि म्हणाली, “डॉक्टरकाका, माझ्या चित्रात कोणीच नाही म्हणून ते बाद झालं का?” मी म्हटले, “होय बाळ, प्रसंग म्हटला की त्यात माणसे हवीत.” त्यावर ती म्हणाली, “पण हे महाड आहे. लोक अजून तळ्यापाशी पोचलेच नाहीत. पाणी मात्र आधीपासून तिथंच आहे.”

बंधूंनो, मला उत्तर सुचले नाही. तिची आजी त्या वेळी नागपूरहून आलेली होती. तिने नातीच्या हातातला कागद घेतला, चष्मा सावरला आणि म्हणाली, “डॉक्टरसाहेब, हे तं आपल्या गोधडीवानीच दिसते.” त्या दोन वाक्यांनी मला जे वाचायला, पाहायला आणि विचार करायला भाग पाडले, त्याचा हिशेब आज आपल्यासमोर मांडतो.

महाडचा इतिहास आपणा सर्वांना ठाऊक आहे. तरी त्या मुलीच्या वाक्याच्या प्रकाशात तो पुन्हा पाहा. १९२३ साली मुंबई विधिमंडळात बोले यांचा ठराव संमत झाला. १९२४ साली महाड नगरपालिकेने चवदार तळे सर्वांस खुले असल्याचा ठराव केला. म्हणजे पाणी होते आणि ठरावही होता. नव्हती ती काठावर आपली माणसे. ती २० मार्च १९२७ रोजी पोचली, आणि न्यायालयाचा अंतिम निवाडा येण्यास १९३७ साल उजाडावे लागले. तळ्याचे चित्र माणसांवाचून काढणे ही त्या मुलीची चूक नव्हती. तो रिकामेपणा हाच तिचा विषय होता. आम्ही परीक्षकांनी तो पाहिला नाही.

न दिसणे हा काय प्रकार असतो, हे वैद्यकीय विद्यार्थ्याला चांगले ठाऊक असते. पहिल्यांदा छातीची क्ष-किरण प्रतिमा हातात दिली जाते तेव्हा त्याला त्यात धुक्यावाचून काही दिसत नाही. गुरुजन सांगतात, येथे हृदयाची कड आहे, येथे फुप्फुसाची, आणि या कोपऱ्यात पाणी साचले आहे. सहा महिन्यांनी तेच धुके बोलू लागते. प्रतिमेत काहीच बदल झालेला नसतो. बदललेली असते ती पाहणाऱ्याची दृष्टी. ठाण्याचे विख्यात चित्रकार सुधीर पटवर्धन हे व्यवसायाने क्ष-किरणतज्ज्ञ होते, हा निव्वळ योगायोग नसावा असे मला नेहमी वाटते. अमूर्त चित्राविषयी ‘यात काय आहे?’ असा प्रश्न आपण वैतागून विचारतो, तेव्हा आपली स्थिती त्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यासारखी असते. म्हणून प्रत्येक अमूर्त चित्र थोर असते, असे मी म्हणत नाही. प्रत्येक डागात आजार नसतो, तसेच हे आहे. परंतु पाहण्यापूर्वी शेरा मारू नये, एवढे पथ्य पाळावे.

कागद फाडून चिकटविण्याच्या या पद्धतीस कोलाज म्हणतात. चिकटविणे या अर्थाच्या फ्रेंच क्रियापदापासून हा शब्द आला. १९१२ च्या सुमारास पॅरिसमध्ये पिकासो आणि ब्राक यांनी वर्तमानपत्राचे, भिंतीच्या कागदाचे तुकडे चित्रात चिकटविले आणि कलेच्या इतिहासात या पद्धतीला प्रतिष्ठा मिळाली. मात्र टाकाऊ तुकड्यांतून नवी वस्तू घडविण्याचा शोध पॅरिसमध्ये लागला, असे मानण्याचे कारण नाही. त्याकडे मी पुढे येतो.

त्या मुलीच्या कागदाचा नातलग शोधता शोधता मी अमेरिकेतील नावाहो जमातीच्या एका चित्रकर्तीपर्यंत पोचलो. तिचे नाव एमी व्हाइटहॉर्स. जन्म १९५७, न्यू मेक्सिको राज्यातील क्राउनपॉइंट येथला. आजी हातमागावर घोंगड्या विणणारी. न्यू मेक्सिको विद्यापीठातून तिने १९८० साली चित्रकलेची आणि १९८२ साली मुद्राचित्रणाची पदवी घेतली. २०२४ च्या व्हेनिसच्या द्वैवार्षिक प्रदर्शनात तिची चित्रे होती. ती कागदावर काम करते आणि तो कागद कॅनव्हासवर चिकटविते. खडू आणि रंग बोटांनी, तळहातांनी कागदात चोळते. त्यावर बिया, पाने, परागतंतू, पाण्याच्या वाटा यांच्यासारख्या बारीक खुणा तरंगत राहतात. क्षितिज नाही, डोंगराची कड नाही, घोड्यावरचा पिसे लावलेला स्वार तर नाहीच. तरीही ते निसर्गचित्र आहे. भूमी दुरून पाहण्याची वस्तू नसून आपण तिच्या आत असतो, अशा भावनेने ते काढलेले आहे.

आता या भूमीचा इतिहास ऐका. नावाहो लोक स्वतःस ‘दिने’, म्हणजे लोक, असे म्हणवतात. १८६४ साली अमेरिकन सैन्याने त्यांची पिके व फळबागा उद्ध्वस्त करून त्यांना शेकडो मैल पायी चालवीत बॉस्क रेडोंडो येथील छावणीत नेले. आठ हजारांहून अधिक माणसे तेथे कोंडली गेली. थंडी, उपासमार आणि रोगराई यांनी अनेकांचा बळी घेतला. १ जून १८६८ च्या तहानंतर ते आपल्या भूमीवर परतले. हद्दपार झालेल्या जमातीला स्वतःच्या मातीत परत जाता आले, अशी उदाहरणे त्या देशात विरळाच. पुढे त्याच मातीत युरेनियम सापडले. १९४४ ते १९८६ या काळात तेथून सुमारे तीन कोटी टन खनिज काढले गेले, आणि पाचशेहून अधिक खाणी तशाच उघड्या टाकण्यात आल्या. खाणीत राबलेल्या नावाहो कामगारांत फुप्फुसाच्या कर्करोगाचे प्रमाण भयावह होते, आणि त्यांतील बहुतेकांनी कधी धूम्रपान केलेले नव्हते. त्यांना भरपाई देण्याचा कायदा होण्यास १९९० साल उजाडले. डॉक्टर म्हणून ही माहिती वाचताना मला चंद्रपूर-वणीकडील कोळसा खाणींतून येणारे, दोन वाक्ये बोलून धाप लागणारे रुग्ण आठवत होते.

एवढे सोसलेल्या लोकांची ही कन्या खाण का काढीत नाही? कोंडवाड्याची छावणी का रंगवीत नाही? नावाहो विचारात ‘होझो’ नावाची एक कल्पना आहे. सौंदर्य, समतोल, आरोग्य आणि सुसंवाद हे चारही अर्थ त्या एका शब्दात सामावतात. त्यांच्या उपचारविधीत जमिनीवर रंगीत वाळूचे चित्र काढतात, रुग्णाला त्यावर बसवितात आणि विधी संपल्यावर ते चित्र मोडून टाकतात. चित्राचे काम समतोल परत आणण्याचे. ते झाले की चित्र राहिलेच पाहिजे असे नाही. व्हाइटहॉर्सची चित्रकला जाणीवपूर्वक या होझोच्या मार्गाने जाते. आपल्या भूमीचे वर्णन इतरांनी ‘ओसाड’ म्हणून केले, आणि ओसाड ठरविल्यामुळेच ती खणायला सोपी झाली. त्या भूमीवर किती बारीक जीवन नांदते हे दाखविणे, हाही एक प्रतिवादच नव्हे काय?

येथे माझ्या काही मित्रांचा आक्षेप मला ऐकू येतो, आणि तो हलका नाही. ते म्हणतात, “डॉक्टर, अमूर्त चित्रे ही पोट भरलेल्यांची चैन आहे. आपल्या समाजाला शतकानुशतके चेहराच नाकारला गेला. आता कुठे भिंतीवर आपल्या माणसाची तसबीर लागली. ती उतरवून तेथे कागदाचे तुकडे लावायचे काय?” या प्रश्नामागील वेदना मी जाणतो. माझ्या लहानपणी आमच्या घरात बाबासाहेबांची आणि भगवान बुद्धांची तसबीर ही केवळ शोभा नव्हती. या घरातील माणसे यापुढे कोणापुढे वाकणार नाहीत, अशी ती जाहीर सूचना होती. १९६१ साली नागपुरात जन्मलेले सवी सावरकर यांनी गळ्यात मडके आणि कमरेला झाडू बांधलेला माणूस आपल्या मुद्राचित्रांत आणला, तो आणलाच पाहिजे होता. जखम उघडी केल्याशिवाय तिच्यावर उपचार होत नाहीत.

परंतु निसर्गचित्रसुद्धा आपल्यासाठी कधीच निरागस नव्हते, हेही ध्यानात घ्या. शाळेत सर्वांनी एकच चित्र काढले: दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, नदी, काठावर देऊळ आणि कौलारू घरे. त्या चित्रात आपली वस्ती कोठे होती? गावकुसाबाहेर, नदीच्या खालच्या अंगाला. म्हणजे कागदाच्या चौकटीबाहेर. ज्याला जमीन नाही, त्याला त्या चित्रात उभे राहण्यापुरतीही जागा नव्हती. दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४ साली भूमिहीनांचे सत्याग्रह झाले, हजारो स्त्री-पुरुष तुरुंगात गेले, ते पोटासाठी. पण त्यात भूमीवर उभे राहण्याचा हक्कही होता. मग आपल्या नातीने मातीच्या रंगाचे तुकडे स्वतःच्या मनाप्रमाणे रचले आणि पाणी कोठे असावे ते स्वतः ठरविले, तर त्यास विषयांतर कसे म्हणावे?

महाराष्ट्रात अमूर्त चित्रकलेचे सर्वांत मोठे नाव वासुदेव गायतोंडे यांचे. कुटुंब गोव्याचे, पण जन्म नागपूरचा, १९२४ सालचा. मुंबईच्या गिरगावातील चाळीत ते वाढले. १९४८ मध्ये जे. जे. कलाशाळेची पदविका घेतली. पुढे झेन बौद्ध विचाराकडे ओढले गेले. १९६४ साली रॉकफेलर शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कला गेले, १९७१ मध्ये पद्मश्री झाले, आणि २००१ साली फारसा गाजावाजा न होता हे जग सोडून गेले. २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या गुगनहाइम संग्रहालयाने त्यांच्या चित्रांचे मोठे प्रदर्शन भरविले. स्वतःच्या चित्रांना अमूर्त म्हणणे त्यांना रुचत नसे. ते त्यांना वस्तुनिरपेक्ष म्हणत. तरीही त्यांच्या १९६० नंतरच्या आडव्या पट्ट्यांपुढे उभे राहिले की समुद्र, धुके आणि पहाट यांची आठवण टळत नाही.

त्यांच्या कामाची एक पद्धत मला विलक्षण वाटते. वर्तमानपत्राचे, मासिकांचे तुकडे घेऊन ते रंगासह कॅनव्हासवर दाबावयाचे आणि मग उचलून घ्यावयाचे. कोलाजमध्ये कागद चित्रात राहतो. येथे कागद निघून जातो आणि त्याचा ठसा तेवढा राहतो. आपण स्थलांतरित माणसे या दोन्ही प्रकारांत मोडतो. कोणी गाव उचलून आणून इथल्या भिंतीवर चिकटविले आहे, तर कोणाचे गाव केव्हाच निघून गेले, केवळ ठसा उरला आहे. १९८४ मधील अपघातानंतर गायतोंडे यांना मोठे कॅनव्हास हाताळणे अशक्य झाले. तेव्हा ते लहान कागदांवर शाईने काम करीत राहिले. शरीर साथ देईनासे झाले की माणूस काम सोडतो, असे मी रोज पाहतो. या माणसाने कागदाचा आकार लहान केला, काम सोडले नाही.

झेन हा शब्द आपल्याला परका वाटू नये. संस्कृतातील ध्यान, पालीतील झान, चीनमधील चान आणि जपानमधील झेन हे एकाच शब्दाचे प्रवासी रूप आहे. तथापि येथे एक सावधगिरी हवी. गायतोंडे यांचे मौन हे एका व्यक्तीचे मौन होते. बाबासाहेबांचा धम्म हा माणसामाणसांतील नात्याचा धम्म आहे. उत्तरायुष्यात स्वतः ब्रश हाती घेऊन बाबासाहेबांनी बुद्धाचे चित्र काढले, ते मिटल्या डोळ्यांचे नव्हे, उघड्या डोळ्यांचे. जगाचे दुःख पाहणारा बुद्ध त्यांना हवा होता. म्हणून अमूर्त चित्रापुढे मी स्वतःला हा प्रश्न विचारतो: हे चित्र माझे डोळे मिटविते की उघडते? त्या मुलीच्या कागदाने माझे डोळे उघडले.

आता आजीच्या वाक्याकडे येतो. विनयपिटकाच्या महावग्गात एक कथा आहे. भगवान राजगृहाहून दक्षिणागिरीकडे चारिका करीत चालले होते. वाटेत मगधाची भातशेती दिसली: चौकोनी खाचरे, लांब बांध, आडवे बांध, बांधाला बांध मिळतो तेथील चौक. भगवानांनी आनंदाला विचारले की, या शेतांसारखी चीवरे भिक्षूंसाठी तयार करता येतील काय? आनंदाने कापडाचे तुकडे बेतून, खाचरांच्या जागी खण आणि बांधांच्या जागी पट्ट्या जोडून तसे चीवर सिद्ध केले, आणि भगवानांनी त्याच्या बुद्धीची प्रशंसा केली. कापड कापलेले असले म्हणजे चोरालाही त्याचा लोभ राहत नाही, हा त्यातील व्यवहार. शिवाय अगदी आरंभीच्या काळात भिक्षू उकिरड्यावरच्या आणि स्मशानातल्या चिंध्या वेचून, धुऊन, रंगवून, जोडून अंगावर घेत. त्यास पांसुकूल म्हणत.

भगिनींनो आणि बंधूंनो, हे काय आहे? टाकलेल्या तुकड्यांतून जोडलेले, माणूस, झाड, घर काहीही न दाखविणारे आणि तरीही भातशेतीचे चित्र असलेले वस्त्र! अमूर्त निसर्गचित्राचे याहून जुने उदाहरण निदान मला तरी ठाऊक नाही. पॅरिसपूर्वी कितीतरी शतके हे कोलाज भिक्षूंच्या खांद्यावरून आशियाभर चालत गेले. जपानमधील झेन भिक्षू आजही तेच खण आणि पट्ट्यांचे वस्त्र परिधान करतात आणि त्यास पुण्याचे शेत या अर्थाचे नाव देतात.

आणि आपल्या आजीची गोधडी? विटलेले लुगडे, फाटलेले धोतर, बाळाचे झबले, लग्नातल्या पातळाचा उरलेला काठ. एकावर एक थर, आणि बाहेरच्या कडेपासून मध्यापर्यंत जाणारे टाके. ज्या हातांना अक्षर गिरवू दिले गेले नाही, त्या हातांनी घरातल्या प्रत्येक माणसाचा तुकडा राखून ठेवला. नावाहो स्त्रियांनीही विलायती तांबडे कापड उसवून त्याचे सूत आपल्या घोंगड्यांत विणले होते. गरिबीने शिकविलेली ही कला आहे, हे खरे. परंतु ती केवळ गरिबी नाही. माझ्या आईची गोधडी मी सिंगापूरला आणली होती. येथील उकाड्यात तिचा उपयोग नाही म्हणून पंधरा वर्षे ती कपाटाच्या वरच्या कप्प्यात पडून होती. त्या मुलीच्या आजीचे वाक्य ऐकले त्या रात्री मी ती खाली काढली. तिच्या मध्यभागी निळ्या कापडाची एक चौकट आहे. ते कापड कशाचे होते, हे आईला विचारावयाचे राहून गेले.

माझे म्हणणे आता संपवितो. आपली मुले वर्षानुवर्षे बाबासाहेबांची तसबीर काढीत राहोत, ती आपली शान आहे. परंतु ज्या मुलाला महाड निराळ्या रीतीने दिसते, त्याला आपण ‘विषयास सोडून’ म्हणून घरी पाठवू नये. उद्या हीच मुले म्हणतील की, मंडळात आमच्यासाठी जागा नाही. आणि मग ती येणार नाहीत. मी कार्यकारिणीस विनंती करतो की, पुढील वर्षापासून स्पर्धेत एक मुक्त विभाग ठेवावा आणि प्रत्येक मुलाला आपल्या चित्राविषयी दोन वाक्ये बोलण्याची संधी द्यावी. परीक्षकांनी ती ऐकल्यावरच शेरा लिहावा.

दुसरी विनंती पालकांना. आपल्या याच नोव्हेना परिसरात, बालस्टियर भागातील ताई जिन मार्गावर ब्रह्मी बुद्धविहार आहे. ब्रह्मदेशातून आणलेली संगमरवरी बुद्धमूर्ती आपण सर्वांनी पाहिलेली आहे. १९५४ साली बाबासाहेब जागतिक बौद्ध परिषदेस ज्या देशी गेले, त्याच देशाची ही आठवण. वर्षावास संपल्यावर कठिन चीवरदानासाठी मुलांना घेऊन जा. केवळ वंदन करून परतू नका. भन्तेजींच्या चीवरावरील शिवणी मुलांना आदरपूर्वक, दुरून दाखवा, आणि सांगा की हे बांध आहेत, ही खाचरे आहेत. आपल्या शास्त्याने शेताकडे पाहून हे वस्त्र योजिले.

आणि शेवटची गोष्ट. ती मुलगी आज येथे तिसऱ्या रांगेत बसली आहे. बाळ, त्या दिवशी तुझे चित्र विषयास सोडून नव्हते. आम्हीच विषयापर्यंत पोचलो नव्हतो. तीनही परीक्षकांच्या वतीने मी तुझी क्षमा मागतो. तुझे चित्र माझ्या विनंतीवरून तुझ्या आईने मला दिले होते; ते चौकट करून आज परत आणले आहे. तुझी अनुमती असेल तर ते या सभागृहाच्या भिंतीवर, बाबासाहेबांच्या तसबिरीशेजारी, आजच्या दिवसापुरते लावावे, अशी माझी इच्छा आहे.



भवतु सब्ब मंगलं. नमो बुद्धाय. जयभीम.